'बघून वाटत नाही' : नाकाचे माप, थुंकीचा अहवाल आणि बाबासाहेब

काही दिवसांपूर्वी एका अभ्यासवर्गात बोलणे संपवून चहा घेत उभा होतो. एक तरुण जवळ आला. इंजिनिअर, मूळचा मराठवाड्यातला, आता पुण्यात आयटीत नोकरी. "जय भीम सर, दोन मिनिटं मिळतील का?" असे म्हणून त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. थुंकीचा नमुना पाठवला की 'तुमचे पूर्वज कुठले' ते सांगणाऱ्या एका कंपनीचा अहवाल होता. रंगीत नकाशा, त्यावर टक्के. "सर, यात युरोपचं काहीच आलेलं नाही बघा. म्हणजे आपण शुद्ध मूलनिवासी हे सिद्ध झालं ना?"

मी उत्तर न देता त्यालाच विचारले, पैसे खर्चून हे करावेसे का वाटले? तो थोडा घुटमळला, मग म्हणाला, "ताईमुळे." त्याची मोठी बहीण नोकरीसाठी शहरात भाड्याचे घर शोधत होती. एक घर पसंत पडले. मालकीणबाईंनी चहा केला, गप्पा झाल्या. आडनाव विचारून झाले, पण आडनाव मराठ्यांतही सापडणारे, त्यामुळे काम भागेना. मग गाव कोणते, गावात घर कुठल्या बाजूला, देवघराला जागा लागेल का, कुलदैवत कोणते. ताईने शांतपणे सांगितले, "आम्ही बौद्ध आहोत." त्यावर मालकीणबाई उद्गारल्या, "अगं बाई! बघून वाटत नाही हो!" संध्याकाळी एजंटचा फोन आला की घर त्यांच्या भाच्याला द्यायचे ठरले आहे.

"ताई हसली सर. मला मात्र ते वाक्य सोडेना. म्हणून किट मागवलं."

मित्रांनो, हे वाक्य मीही ऐकलेले आहे. कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर सत्काराच्या कार्यक्रमात स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या माणसाकडून. बोलणाऱ्याला ते कौतुक वाटते. पण 'वाटत नाही' असे म्हणायला आधी डोक्यात एक चित्र असावे लागते, 'ते लोक' कसे दिसतात याचे. रंग असा, नाक असे, बोलणे असे, कपडे असे. ज्या दिवशी आपण त्या चित्रात बसत नाही, त्या दिवशी आपल्याला शाबासकी मिळते आणि घर मिळत नाही. हे चित्र आले कुठून? ते फार जुने, मनुस्मृतीइतके जुने असेल असे आपण गृहीत धरतो. विटाळ जुनाच आहे. पण 'जात चेहऱ्यावर दिसते, कारण जात म्हणजे वेगळा वंश' ही जी शास्त्रीय थाटाची समजूत आहे, तिचे वय जेमतेम दीडशे वर्षे आहे, आणि तिच्या घडणीत एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा हात आहे.

त्याचे नाव हर्बर्ट रिझले. आयसीएस अधिकारी. १८८५ पासून त्याने बंगालमध्ये जाती-जमातींची पाहणी सुरू केली आणि त्यासाठी मापाची हत्यारे वापरली. डोके मोजायचे, नाक मोजायचे. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर, हा झाला 'नासिका-निर्देशांक'. सत्तरच्या खाली आला तर चाफेकळी, पंच्याऐंशीच्या वर गेला तर चपटे. रिझलेने सिद्धांत मांडला की भारतात माणसाचा सामाजिक दर्जा त्याच्या नाकाच्या रुंदीच्या उलट्या प्रमाणात असतो. म्हणजे नाक जितके बारीक तितकी जात वरची. वर आर्य, खाली द्रविड, मध्ये सरमिसळ. हाच रिझले पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्या जनगणनेत जातींची यादी वर्णाक्षरांनी न लावता सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने लावण्याचा उद्योग केला गेला. क्रम कोणाला विचारून? अर्थात स्थानिक उच्चवर्णीय जाणकारांना. इंग्रजाची फूटपट्टी आणि भटजीची यादी यांचे असे लग्न लागले. त्यानंतर प्रत्येक जातीला वरच्या पायरीची घाई झाली. आम्ही क्षत्रिय, आम्ही वैश्य, आमचे गोत्र अमुक, असे अर्ज सरकारदरबारी येऊ लागले. बंगालमध्ये १९११ च्या जनगणनेच्या वेळी आलेल्या अशा अर्जांचे वजन दीड मण भरले होते! आज ज्याला 'सोशल इंजिनिअरिंग' म्हणतात, त्याची ही आजी.

यात आपले नुकसान फक्त कागदावर झाले का? नाही. आपली भाकरी गेली. त्याच काळात लष्करात 'लढाऊ वंश' नावाची विचारसरणी जोर धरत होती. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना ठरवले गेले की काही जमाती रक्तानेच शूर असतात आणि काही नसतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे आर्मीत महार सैनिकांची मोठी परंपरा होती. भीमा कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' या शब्दाने संपणारी नावे कोरलेली आहेत ती त्याच परंपरेतली. पण १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. स्तंभावर दगडात कोरलेला पुरावा एका बाजूला आणि वंशाची थिअरी दुसऱ्या बाजूला, जिंकली थिअरी. पलटणीतली नोकरी म्हणजे फक्त पगार नव्हता. छावणीतल्या शाळेत लष्करी नोकरांच्या मुलांना अक्षरओळख मिळत होती. सुभेदार रामजींचे घर त्या शाळेतूनच घडले. म्हणजे वंशाच्या या शास्त्राने जे दार लावले, त्याच दारातून थोडे आधी बाबासाहेबांचे वडील आत जाऊन आलेले होते.

या बंदीविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्जाचा मसुदा केला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी इंग्लंडच्या भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी महार रेजिमेंट झाली. वंश तोच होता ना? मग १९२१ चे भित्रे १९४१ मध्ये शूर कसे झाले? गरजेप्रमाणे शास्त्र बदलते, हा धडा आपल्या आजोबांनी पुस्तकातून नव्हे, पलटणीच्या फाटकावर शिकला.

आता आपल्या बाजूकडे येतो. इथे काही मित्रांना राग येईल, पण बोलले पाहिजे.

वंशाची ही कल्पना वरून आली तेव्हा आपल्या माणसांनी ती उलटी करून वापरली. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त आर्य भट बाहेरून आले आणि इथल्या मूळ शेतकऱ्या-कष्टकऱ्यांना त्यांनी गुलाम केले अशी मांडणी केली. 'तुम्ही श्रेष्ठ कारण तुम्ही आर्य' असे म्हणणाऱ्यांना जोतिबांनी सुनावले, हो, तुम्ही आर्य, म्हणूनच तुम्ही उपरे आणि लुटारू. वलंगकरांनी आपल्या संस्थेला नाव दिले 'अनार्य दोषपरिहारक मंडळी'. गंमत म्हणजे तेच वलंगकर लष्करभरतीसाठी आपण पूर्वीचे क्षत्रिय होतो असेही सांगत होते. मी याला विसंगती म्हणून हिणवणार नाही. ज्याचे दोन्ही हात बांधलेले आहेत तो दातांनी गाठ सोडवतो. पुढे उत्तरेत स्वामी अछूतानंदांची आदि-हिंदू चळवळ झाली, दक्षिणेत आदि-द्रविड, आदि-आंध्र झाले, पंजाबात मंगूरामांच्या आद-धर्माला १९३१ च्या जनगणनेत चार लाखांवर लोकांनी आपला धर्म म्हणून नोंदवले. 'आम्ही कोणाच्या पायातून निघालो नाही, आम्ही या मातीचे आद्य मालक' हा दावा ज्या माणसाला सावलीसुद्धा लपवावी लागत होती, त्याच्या कण्यात बळ भरत होता. त्या चळवळींचे ऋण नाकारणारा कृतघ्न म्हणावा लागेल.

पण बाबासाहेब या वाटेने गेले नाहीत. आणि हे चुकून झाले नाही, त्यांनी चाळीस वर्षे विचार करून ही वाट नाकारली.

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे भीमराव 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचतात. ज्या खोलीत वंशाची चर्चा चालते त्याच खोलीत हा तरुण सांगतो की भारतातले सगळेच लोक वंशाने मिश्र आहेत. आर्य, द्रविड, मंगोल, शक, सगळे येऊन इथे मिसळले. मिसळून गेलेल्या आणि संस्कृतीने एक झालेल्या या समाजाचे पुढे तुकडे पाडले गेले, आणि ते पाडण्याचे हत्यार एकच, बेटीबंदी. आधी बाहेर लग्न करण्याची रीत होती, तिच्यावर आतल्या आत लग्न करण्याची सक्ती लादली गेली आणि जात तयार झाली. ती टिकवण्यासाठी विधवेला जाळणे, विधवेवर सक्तीचे वैधव्य लादणे आणि लहान मुलीचे लग्न लावणे, हे तीन उपाय आले. म्हणजे जातीचे मूळ रक्तात नाही, स्त्रीवरच्या पहाऱ्यात आहे. रिझले नाक मोजत बसला होता. बाबासाहेबांनी विचारले, उंबऱ्याला कडी कोणी घातली?

१९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त हाच मुद्दा अधिक धारदार होतो. जातींनी वंशाची शुद्धता राखली असे म्हणणाऱ्यांना ते विचारतात की पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचे नाते काय? पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एका घडणीचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परय्या एका घडणीचे. भांडारकरांच्या संशोधनाचा दाखला देऊन ते सांगतात की परकीय रक्त मिसळले नाही अशी जात या देशात शोधून सापडणे अवघड. १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते' हे पुस्तक आले. ते त्यांनी जोतिबांना अर्पण केले, आणि त्याच पुस्तकात आर्य नावाच्या वेगळ्या वंशाने स्वारी करून इथल्यांना जिंकले या सिद्धांताची वेदांतलेच पुरावे देऊन चिरफाड केली. गुरूच्या पायावर डोके ठेवायचे आणि गुरूच्या मांडणीशी पुराव्यानिशी मतभेदही करायचा, हे ज्याला जमते त्याला आंबेडकरवादी म्हणावे. आपण पुतळ्याला हार घालतो, हे पुस्तक मात्र उघडत नाही.

मग १९४८ चा 'अस्पृश्य मूळचे कोण' हा ग्रंथ. माझ्या मते यातले वंशावरचे प्रकरण प्रत्येक वस्तीतल्या वाचनालयात मोठ्याने वाचले पाहिजे. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे म्हणून अस्पृश्य झाले, या सिद्धांताची परीक्षा घ्यायला बाबासाहेब रिझलेचेच हत्यार हाती घेतात. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिझलेचे सूत्र उत्तर हिंदुस्थानातल्या पट्ट्याबाहेर टिकत नाही हे दाखवले होतेच. बाबासाहेब ती मापे घेतात, प्रांताप्रांतातल्या ब्राह्मणांची आणि अस्पृश्यांची नाके शेजारीशेजारी ठेवतात आणि निष्कर्ष काढतात. हे शास्त्र खरे मानायचे असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड, ब्राह्मण नाग असतील तर अस्पृश्यही नाग. शत्रूच्या फूटपट्टीने शत्रूचीच भिंत वाकडी असल्याचे दाखवून देणे, यापेक्षा सुंदर युक्तिवाद मी वाचलेला नाही.

त्याच प्रकरणात ते महाराष्ट्रातला घरगुती पुरावा देतात. मराठ्यांची कुळे आणि महारांची कुळे शेजारी लावून पाहा, फारसा फरक सापडत नाही. आता ताईच्या घरमालकिणीकडे पुन्हा जा. जाधव, मोरे, पवार, शिंदे, गायकवाड म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुठले गायकवाड?" आडनावाने भागत नाही, चेहऱ्याने भागत नाही, म्हणून गाव, मग गावातली दिशा, मग कुलदैवत. वेगळे वंश असते तर एवढ्या चौकशा कराव्या लागल्या असत्या का? अमेरिकेत काळ्या माणसाला कोणी कुलदैवत विचारत नाही. आपल्याकडे चार प्रश्न विचारावे लागतात, कारण आपण सारखे दिसतो. 'बघून वाटत नाही' हे वाक्य खरे तर बाबासाहेबांच्या १९४८ च्या प्रकरणाची कबुली आहे. बघून वाटत नाही, कारण वाटण्यासारखे काही नाहीच.

इथे एक प्रश्न हमखास येतो. "मग नागवंशाचं काय? १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतः नागांचा उल्लेख केला ना?" केला. नागपूर का निवडले हे सांगताना केला. पण नागांबद्दल ते काय सांगतात ते नीट पाहा. त्यांचा छळ झाला, तरी त्यांनी बुद्धाचा धम्म भारतभर पसरवला. अभिमान कर्तृत्वाचा आहे, रक्ताच्या शुद्धतेचा नाही. आणि १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यांना ते 'फुटलेली माणसे' म्हणतात. लढायांत हरून टोळीपासून तुटलेली, गावाच्या वेशीबाहेर वसलेली, पुढे बुद्धाला न सोडल्यामुळे आणि मृत गाईचे मांस न सोडल्यामुळे विटाळलेली माणसे. टोळी वेगळी, वंश वेगळा नव्हे. हा सिद्धांत इतिहासकारांना पटो वा न पटो, त्यात अस्पृश्यतेचे कारण शरीरात नाही, इतिहासात आहे. जे इतिहासात घडले ते इतिहासात मोडता येते. जे रक्तात आहे ते कसे मोडणार?

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर त्यांनी हेच करून दाखवले. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ मध्ये जवळपास २८ लाख. २०११ मध्ये ६५ लाखांच्या वर. या दहा वर्षांत कोणाचे रक्त बदलले? कोणाचे नाक बदलले? एकाचेही नाही. जन्माने मिळालेली ओळख खाली ठेवून स्वतः निवडलेली ओळख घेण्याचा एवढा मोठा सोहळा आधुनिक भारताने दुसरा पाहिलेला नाही. सरकारला मात्र ते समजायला वेळ लागला. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस फक्त हिंदू असू शकत होता, १९५६ मध्ये शीख आले, आणि बौद्धांना १९९० उजाडावे लागले. चौतीस वर्षे केंद्राचे म्हणणे असे की तुम्ही धर्म बदललात ना, मग तुमची जात गेली. शेजारच्या आळीचे म्हणणे असे की धर्म बदललात तरी जात तीच. दोघांच्या मध्ये आपल्या दोन पिढ्या दाखल्याच्या खिडकीवर उभ्या होत्या.

आता थुंकीच्या अहवालाकडे. 'मूलनिवासी' हा शब्द गावोगाव पोहोचवणाऱ्या कार्यकर्त्यांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. शिबिरे घेणारी, स्वतःच्या पगारातून पुस्तके छापणारी ही माणसे आहेत. पण त्यांच्या भाषणात २००१ चा मायकेल बामशाद यांचा जो अभ्यास कायम येतो तो काय होता? आंध्रातल्या विशाखापट्टणम भागातल्या काही जातींतल्या पुरुषांचे नमुने. वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रात वरच्या जातींचे युरोपीय लोकांशी साम्य तुलनेने जास्त आणि आईकडून येणाऱ्या वारशात बहुतांश साम्य आशियाई, असे त्यात दिसले. हे प्रमाणाचे फरक आहेत, दोन वेगळ्या रकान्यांचे नाहीत. त्यातून 'ते शंभर टक्के परके, आपण शंभर टक्के इथले' एवढी उडी मारता येत नाही.

आणि पुढचे अभ्यास तर आपण वाचतच नाही. २००९ मध्ये भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून दाखवले की भारतातले जवळपास सगळे समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले आहेत, प्रमाण कमीजास्त. २०१३ मध्ये त्याच गटाने मिश्रणाचा काळ काढला, साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीचा. त्या काळात सगळे सगळ्यांत मिसळत होते, एकाकी वाटणारे भिल्लसुद्धा त्यातून सुटले नव्हते. मग मिसळणे थांबले. बेटीबंदी आली. आता १९१६ चा निबंध आठवा. आधी मिश्रण, मग कडी. प्रयोगशाळा नव्हती, गुणसूत्रे वाचण्याचे तंत्र नव्हते, तरी पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी सांगितलेला क्रम शास्त्राने सत्त्याण्णव वर्षांनी गिरवला. एवढे लखलखीत नाणे घरात असताना आपण कंपनीच्या रंगीत नकाशाकडे पाहून खूश होतो!

त्या तरुणाला मी एवढेच विचारले, उद्या दुसऱ्या कंपनीच्या अहवालात मध्य आशियाचे आठ टक्के निघाले तर ताईचा अपमान आठ टक्क्यांनी कमी होईल का? आणि त्या मालकीणबाईंच्या अहवालात तुझ्याइतकेच टक्के निघाले तर त्या घर देतील का? तो हसला. मालकीणबाईंचे टक्के त्याच्या जवळपासच निघतील हे त्यालाही कळत होते.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण बाबासाहेबांचा हाच युक्तिवाद आता आपल्याविरुद्ध वापरला जातो. 'जात म्हणजे वंश नाही, तुमचे आंबेडकरच म्हणतात' असे सांगून.

१९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत वांशिक भेदभाव संपवण्याचा करार तयार होत होता. भेदभावाच्या व्याख्येत वंश, रंग यांच्या जोडीला 'डिसेंट' हा शब्द आला, म्हणजे तुम्ही कोणाच्या पोटी जन्मलात ते. हा शब्द कोणाच्या दुरुस्तीने आला? भारताच्या! १९६८ मध्ये भारताने कराराला मान्यताही दिली. आणि १९९६ मध्ये त्या समितीने विचारले की या शब्दात जात येते का, तेव्हा भारत सरकार म्हणाले, नाही, जात येत नाही. समितीला ते पटले नाही. २००१ मध्ये दरबानच्या वर्णद्वेषविरोधी परिषदेत आपले कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हाही दिल्लीची भूमिका तीच, जात हा वंश नाही, आमचा घरचा मामला. २००२ मध्ये समितीने स्पष्ट शिफारस केली की जातीवरचा भेदभाव 'डिसेंट' या शब्दात येतो. (आपल्या मराठीत 'रेस'लाही वंश म्हणतात आणि 'वंशाचा दिवा' म्हणतो तेव्हा घराणेही वंशच. एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्यामुळे आपल्या सभांमध्येही घोळ होतो.)

ब्रिटनमध्ये तेच नाटक. २०१० च्या समता कायद्यात वंश या संज्ञेत 'एथ्निक ओरिजिन' होते, जात नव्हती. २०१३ मध्ये संसदेने सरकारवर बंधन घातले की जात समाविष्ट करा. तिथल्या काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला आणि २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली. दरम्यान बिहारमधून नेलेल्या एका आदिवासी घरकामगार महिलेने मालकांविरुद्ध दावा लढवला, आणि २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने म्हटले की 'एथ्निक ओरिजिन' हा शब्द एवढा रुंद आहे की त्यात जन्मपरंपरा येते, म्हणून काही प्रकरणांत जातही येऊ शकते. संसदेला जे धाडस शेवटपर्यंत टिकवता आले नाही, त्याची फट एका मोलकरणीने उघडली. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवरच्या भेदभावाला बंदी केली, ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले, गव्हर्नरने ऑक्टोबरमध्ये नकाराधिकार वापरला.

या वादात आपले उत्तर काय असावे? जात वंश नाही, हे बरोबर. पण भेदभाव करायला वंश खरा असावा लागत नाही. वंश आहे असे वागणारा शेजारी पुरतो. बाबासाहेबांनी वंशाचा आधार काढून घेतला तो जातीला निरपराध ठरवण्यासाठी नव्हे, तिला उघडी पाडण्यासाठी. ज्यांनी हे लिहिले त्यांनीच १९४६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते आणि संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या त्यांच्या निवेदनाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईच्या पोरांनी स्वतःला 'पँथर' म्हणवले तेव्हा त्यांनीही कोणाचे रक्त तपासले नाही. दुःखाची घडण ओळखली, तेवढे पुरले.

शेवटी घरातले. बेटीबंदी हे जातीचे हत्यार असेल तर ते हत्यार आपल्या घरात कोणत्या खुंटीला टांगले आहे? बौद्ध वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्मवर मी सोमवंशी, लाडवण, बावणे, अंधवण हे शब्द पाहिले आहेत. त्रिशरण-पंचशील झाल्यावर त्याच मंचावरून 'गोरी, शिकलेली' अशी मागणी वाचली जाते. रिझले मेला १९११ मध्ये.

हे लिहायला घेतले त्याच आठवड्यात त्या तरुणाचा पुन्हा फोन आला. ताईसाठी स्थळे पाहणे सुरू आहे, मेळाव्याचा फॉर्म घरी आला आहे. त्यात उंचीच्या खाली 'वर्ण' असा रकाना आणि त्याच्या खाली 'पोटजात'. आई म्हणत होती 'निमगोरी' लिही, सगळेच लिहितात. ताईने दोन्ही रकाने कोरे ठेवून फॉर्म पाठवला. आयोजकांचा फोन आला की माहिती अपुरी आहे, भरून पाठवा. ताईने तोच फॉर्म पुन्हा तसाच पाठवला आहे.

जय भीम!